मणक्यात गॅप, हाताला मुंग्या: मानदुखी तपासतात कशी, बरी करतात कशी

खानदेशात मान दुखणारा माणूस फिजिओथेरपिस्टकडे पोचेपर्यंत त्याचं बरंच काही करून झालेलं असतं. बाम चोळून झालेला असतो, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या संपलेल्या असतात, सलूनमध्ये मान कडकड मोडून घेतलेली असते आणि कोणाच्या तरी घरात पडून असलेला पट्टा गळ्यात आलेला असतो. सोबत एक्स-रेचं मोठं पाकीट. पारोळ्याकडचे एखादे आबा ते पाकीट टेबलावर ठेवतात आणि एका दमात सांगतात, “मणकामा गॅप व्हई गया म्हने. मान दुखस, हातमा मुंग्या येतस, रातले झोप लागत नही. तुम्ही फक्त शेक द्या.”

आबांच्या या बोलण्यात माझ्या कामाच्या गोष्टी दोन: मुंग्या आणि झोप. गॅपचं नंतर बघू, शेकाचं त्याहून नंतर.

तरी गॅपची भीती आधी काढलेली बरी, कारण ती मनात असली की माणूस मान हलवायलाच घाबरतो. एक्स-रेत दिसतं ते एवढंच, की दोन मणक्यांमधल्या चकतीची उंची कमी झाली आहे आणि मणक्यांच्या कडेला थोडं हाड वाढलं आहे. वय वाढेल तसं हे बहुतेकांच्या मानेत होतं, दुखणाऱ्यांच्या आणि न दुखणाऱ्यांच्याही. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत एखादी तरी चकती फुगलेली निघाली. विशीतल्या पोरापोरींमध्येही साधारण चारात तिघांची. ही सगळी धडधाकट माणसं. म्हणून नुसत्या फिल्मवरून मान का दुखते ते कळत नाही. फिल्मवर दिसतं ते, पेशंट सांगतो ते आणि हाताने तपासल्यावर सापडतं ते, अशी तिन्हीची सांगड बसली तरच त्या रिपोर्टला किंमत.

मानेची रचना थोडक्यात सांगते. सात मणके. वरचे दोन वेगळ्या घडणीचे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण या दोघांमध्येच होतं. त्यांच्यामध्ये चकती नसते, ती त्यांच्या खाली सुरू होते. मानेच्या प्रत्येक बाजूने आठ नसा निघतात आणि त्यांतल्या खालच्या नसा खांद्यावरून थेट बोटांपर्यंत जातात. मधल्या पोकळीतून मज्जारज्जू उतरतो. या सगळ्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं, आणि आपल्याकडे बऱ्याचदा त्या डोक्यावर आणखी एक गाठोडं.

तपासणी सुरू होते ती बोलण्यातून. दुखणं कधीपासून, कशाने सुरू झालं, मानेतच राहतं की दंडात, बोटांत उतरतं, काय केलं की वाढतं, कसं झोपलं की थांबतं. साधे प्रश्न वाटतात, पण निम्मं निदान इथेच होतं. एखादा सांगतो की रात्री हात डोक्यावर ठेवून झोपलं की बरं वाटतं. हे ऐकलं की माझं लक्ष लगेच नसेकडे जातं, कारण हात वर गेला की दाबल्या गेलेल्या नसेचा ताण सैल होतो. मग कामाचं विचारायचं, आणि ‘शेती’ एवढ्या उत्तरावर थांबायचं नाही. कापूस वेचता की फवारणीचा पंप पाठीवर घेता? केळीचे घड कोणत्या खांद्यावर घेता? ट्रॅक्टर चालवताना मागच्या औजाराकडे बघायला मान कुठल्या बाजूला वळवता?

काही माणसांच्या मानेवर मात्र मी हातच ठेवत नाही. फिजिओथेरपीतलं पहिलं काम दुखणं शोधणं नसून धोका गाळणं असतं.

अपघात झालेला असेल तर कॅनडात २००१ साली तयार झालेला एक नियम जगभर वापरतात. माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, पण वय ६५ किंवा जास्त आहे, किंवा तीन फूट वा पाच पायऱ्यांच्या उंचीवरून तो पडला आहे, डोक्यावर आपटला आहे, गाडीचा मोठा अपघात झाला आहे, किंवा हातापायांत मुंग्या आहेत, तर आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. यातलं काही नसेल आणि सुरक्षितपणे तपासता येत असेल, तर मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळते का ते बघायचं. वळत नसेल तरीही आधी फोटो. ट्रॉलीवरून पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘मान धरली आहे, जरा चोळून द्या’ म्हणत येतो, त्याला हा नियम तंतोतंत लागू पडतो.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, रात्री घाम आणि कोणत्याही कुशीवर न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. तो पाठीच्या मणक्यांत जास्त दिसतो, मानेत कमी, पण दिसतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेत सुरू झाली तर माणूस बरा होतो. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्याची नवी मानदुखीही अशीच आधी डॉक्टरांकडे. चढ चढताना किंवा ओझं उचलताना मान, जबडा, डावा हात भरून येत असेल आणि थांबलं की उतरत असेल, तर ती मान नाही, हृदय आहे. तिथून सरळ ईसीजीला. आणि कधीच झाली नव्हती अशी एकदम तीव्र मानदुखी, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना अडकणं यातलं काही असेल तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची शंका घ्यायची. तिथे तास मोजायचे असतात, दिवस नाहीत.

सलूनमधल्या मान मोडण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. झटक्याने वळवलेल्या मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा मारल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. दुर्मीळ आहेत, खरं आहे. पण कडकड आवाजाने मिळणारा आराम तासाभराचा, आणि त्यासाठी हा धोका घ्यायचा? प्रशिक्षित माणूसही मानेला झटका देण्याआधी वर सांगितलेलं सगळं तपासून घेतो, आणि पुष्कळदा झटका देतच नाही.

सगळ्यात जास्त निसटतो तो मज्जारज्जूवर आलेला दाब. निसटतो, कारण यात मान फारशी दुखतच नाही. माणूस तक्रार करतो ती भलतीच. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, नोटा मोजताना बोटं अडखळतात, चालताना चप्पल पायातून निघून जाते आणि पत्ता लागत नाही. बाई सांगते की कळण्याची भाकरी पहिल्यासारखी थापली जात नाही, हातातून भांडी पडतात. घरचे म्हणतात, वय झालं. इथे मी मूठ उघड-मीट करायला सांगते, जमेल तितक्या भरभर, घड्याळ लावून. निरोगी माणूस १० सेकंदांत वीसेक वेळा सहज करतो. दाब असलेल्याची बोटं बारा-चौदावरच जड होतात, करंगळी मागे राहते. मग मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं झटकायचं आणि अंगठ्याकडे बघायचं. तो आपोआप आत वळला तर ते बरं लक्षण नाही. टाचेला पंजा लावून एका रेषेत चालता येतं का, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय प्रमाणाबाहेर उडतो का, हेही बघायचं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की माझं काम चिठ्ठी लिहिण्याचं: मणक्याच्या सर्जनकडे, एमआरआयसह. या माणसाला वजन लावणं (म्हणजे वजन टांगून मान ताणणं, ट्रॅक्शन), मान ओढणं, मोडणं सगळं बंद. रिपोर्टवर फार भिस्त ठेवू नका असं मी वर म्हटलं, ते इथे लागू नाही.

धोका गाळून झाला की नसेचा प्रश्न. मुंग्या कोणत्या बोटांत येतात? अंगठ्याकडे असतील तर सहावी नस, मधल्या बोटात असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी, असा ढोबळ हिशेब. माणसागणिक थोडा फरक पडतो, म्हणून ताकदही बघायची. कोपर सरळ करताना माझ्या हाताला हवा तेवढा जोर लागत नसेल तर सातवी, मनगट वर उचलायला जमत नसेल तर सहावी, बोटांची पकड ढिली असेल तर आठवी. कोपराजवळ हातोडी मारून झटके बघायचे, दोन्ही हातांची तुलना करायची.

इथे एक घोळ नेहमी होतो. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हे बहुतेक वेळा मानेतलं नसतंच. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली गेलेली असते. बायकांमध्ये हे जास्त, त्यातही थायरॉइड किंवा शुगर असेल तर आणखी. अशा कितीतरी जणींच्या मानेला महिनोन्‌महिने शेक दिलेला मी पाहिला आहे, आणि मनगटाला कोणी हात लावलेला नसतो. दोन्ही पाय आणि दोन्ही हात एकदम बधिर होत असतील तर बी-१२ आणि शुगर तपासायला सांगायचं. आणि हात वर नेताना किंवा मागे पाठीकडे नेताना अडत असेल, मान वळवताना मात्र काही नाही, तर दुखणं खांद्याचं. शुगरवाल्यांचा खांदा आखडतो तो मानेच्या नावावर खपतो.

मानेतलीच नस दुखावली आहे का, हे ठरवायला चार तपासण्या एकत्र करायच्या असतात. डोकं दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलका दाब द्यायचा: हातातली कळ उमटते का? पेशंटला झोपवून डोकं अलगद ओढायचं: कळ कमी होते का? हात बाजूला नेऊन, मनगट मागे वाकवून कोपर सरळ करत नस ताणायची: तीच ओळखीची कळ येते का? आणि मान त्या बाजूला वळताना ६० अंशांच्या आतच अडते का? अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी २००३ मध्ये हे ताडून पाहिलं. चारही जुळल्या तर नस दबल्याची शक्यता खूपच वाढते. त्यातली नस ताणण्याची तपासणी उलट्या बाजूनेही उपयोगी: तिच्यात काहीच सापडलं नाही तर मानेतली नस दबली असण्याची शक्यता फार कमी उरते. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम, आणि हजारो रुपयांची मशीन लागत नाही.

उरलेली मानदुखी फिजिओथेरपिस्ट चार गटांत टाकतात. २०१७ ची अमेरिकन मार्गदर्शक सूचना हीच विभागणी वापरते. मान आखडलेली, डोकेदुखीसकट आलेली, झटक्यानंतर किंवा स्नायूंचा ताबा सुटल्याने दुखणारी, आणि हातात उतरणारी. प्रत्यक्षात पेशंट दोन गटांत पाय ठेवून उभा असतो, पण सुरुवात कुठून करायची हे तरी यातून ठरतं.

आखडलेली मान सगळ्यांत सोपी. सकाळी उठलो आणि मान एका बाजूला वळेचना, हा प्रकार. मणक्यांच्या सांध्यांवर अंगठ्याने हलके, लयीत दाब देऊन ते सैल करायचे, पाठीचा वरचा भाग मोकळा करायचा, आणि लगेच पेशंटकडून ती मान हलवून घ्यायची. पाठीच्या वरच्या भागावर केलेल्या उपचाराने मानेला आराम पडतो हे लोकांना पटत नाही, पण अभ्यासांत ते दिसलं आहे, आणि ताजी दुखरी मान असलेल्याला ते सोसवतंही. अशी मान पुष्कळदा आठवड्याभरात आपली आपणच सुटते. आमचं श्रेय त्यात बेतास बात.

डोकेदुखीचा गट मला जास्त रंजक वाटतो, कारण तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाने फिरतो. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर बसून देठ खुडणारी एक ताई डोळ्यांसमोर आणा. डोकं उजव्याच बाजूने दुखतं, मानेतून सुरू होतं आणि डोळ्याच्या मागे येऊन थांबतं. चष्म्याचा नंबर बदलून झाला, अर्धशिशीच्या गोळ्या खाऊन झाल्या. तिला उताणं झोपवायचं आणि हनुवटी छातीला टेकेल एवढी मान पुढे वाकवायची. असं केलं की खालचे मणके ताणले जाऊन बांधले जातात आणि वळायला वरचे दोनच मोकळे राहतात. मग डोकं वळवायचं. डावीकडे चाळीसच्या पुढे जातं; निरोगी मानेत ते सरासरी ४४ अंश असतं. उजवीकडे वीस-पंचवीसवर अडकतं आणि ताई म्हणते, “हेच, हेच ते.” गोळ्या कुठे पोचत नव्हत्या ते इथे कळतं.

तिच्यावरचा उपचार हाताने सुरू होतो आणि घरी रुमालाने चालतो. घरातल्या कोणाचा तरी बागायती रुमाल असतोच. त्याची कड कवटीच्या लगेच खाली, सर्वांत वरच्या मणक्यावर बसवायची, एक टोक छातीशी धरून ठेवायचं, दुसरं गालाजवळून पुढे ओढायचं आणि ती ओढ कायम ठेवून मान अडणाऱ्या बाजूला सावकाश वळवायची. कोणत्या हाताने ओढायचं ते समोर बसून शिकावं लागतं, वाचून करू नये. नियम एकच: करताना दुखता कामा नये. दुखलं तर रुमालाची जागा किंवा ओढीची दिशा चुकली. बरोबर बसलं तर दिवसातून दोनदा, दोन-चार वेळा एवढं पुरतं.

मात्र सांधा मोकळा झाला म्हणजे काम झालं असं नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून बारीक स्नायू असतात. घड लागलेल्या केळीला टेकू लागतो तसे हे मानेचे टेकू. मान दुखायला लागली की ते सुस्तावतात, आणि गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू त्यांचं काम अंगावर घेऊन थकतात. हे बघण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या फिजिओथेरपिस्टांनी काढली. मानेखाली बीपीच्या मशीनसारखी हवेची छोटी पिशवी ठेवायची, काटा २० वर आणायचा आणि ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच, अगदी थोडी, हनुवटी आत घ्यायला सांगायची. काटा २२ वर १० सेकंद स्थिर ठेवायचा, मग २४, २६, असं ३० पर्यंत. निरोगी माणूस २६ ते ३० पर्यंत जातो. दुखऱ्या मानेचा माणूस २२-२४ वरच थरथरतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू दोरीसारखे फुगून वर येतात. पिशवी नसेल तर घडी घातलेला टॉवेल चालतो. बोटं गळ्यावर ठेवून ते जाड स्नायू मऊ राहतात का, तेवढं बघायचं. १० सेकंद धरायचं, १० वेळा. धट्टाकट्टा हमालही यात घामाघूम होतो आणि म्हणतो, ‘एवढंसं तर आहे!’

ते जमलं की जोराचे व्यायाम, आणि इथे माझं मत ठाम आहे: आपल्याकडे फिजिओथेरपी इथे येईपर्यंत संपलेली असते. दहा दिवस मशीनचा शेक, बिल, नमस्कार. मशीनने त्या वेळापुरता आराम मिळतो, नाही असं नाही, पण अल्ट्रासाउंडसारख्या मशीनने मानदुखी टिकाऊ बरी होते याला पुरावा तोकडा आहे. उलट डेन्मार्कमध्ये २०११ साली १९८ ऑफिसवाल्यांवर एक प्रयोग झाला. मान-खांदा दुखणाऱ्या या लोकांना रबराच्या पट्ट्यावर उभं राहून दोन्ही हात बाजूने खांद्याइतके उचलायचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, १० आठवडे. काहींना दिवसाला १२ मिनिटं, काहींना फक्त २. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटं! पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या, तीही चालते. शेक घ्यायचाच तर घरी घ्या. गरम की थंड, ज्याने बरं वाटेल ते. मे महिन्यात भुसावळात गरम पाण्याची पिशवी मात्र कोणाला सुचेल असं वाटत नाही.

आता आबांच्या मुंग्या. नस दुखावलेली असेल तर सुरुवातीचे आठवडे कठीण जातात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या काळात डॉक्टरांची औषधं, हाताला आधार देऊन झोपण्याची पद्धत, मानेची हलकी हालचाल, नस अलगद सरकवण्याचे व्यायाम. ताणून धरायची नाही, सरकवायची. ‘वजन लावणं’ काहींना लागू पडतं: ज्यांचं डोकं हाताने ओढल्यावर कळ कमी झाली होती, त्यांना. तेही व्यायामासोबत आणि थोड्या दिवसांसाठी. पट्ट्याबद्दल लोक दोन टोकांना असतात. नेदरलँड्समध्ये २००९ साली झालेल्या अभ्यासात, हातात कळ नुकती सुरू झालेल्या लोकांना पहिले तीन आठवडे पट्टा आणि पुढचे तीन आठवडे तो हळूहळू सोडणं, एवढ्याने फायदा झाला. फिजिओथेरपीच्या व्यायामांनीही तेवढाच झाला. म्हणजे ताज्या नसदुखीत थोडे दिवस पट्टा वापरायला हरकत नाही. नुसत्या आखडलेल्या मानेला मात्र तो नुकसानच करतो, आणि सहा-सहा महिने तो घालून बाजारहाट करणाऱ्यांचे स्नायू पार ढिले पडलेले असतात. गाडीच्या झटक्याने दुखावलेल्या मानेचंही तेच: मोडतोड नाही याची खात्री झाली की मान बांधून ठेवू नका, दुखेल न दुखेल इतपत हलवत राहा, कामाला लागा.

बाहेर आलेली चकती कालांतराने आपोआप आक्रसू शकते. बहुतेकांचा हात पहिल्या चार ते सहा महिन्यांत बराच सुधारतो. ऑपरेशनचा विषय निघतो तो हाताची ताकद उतरत चालली असेल तर, मज्जारज्जूवर दाब असेल तर, किंवा सगळं नीट करूनही काही महिन्यांनी कळ सोसवत नसेल तर. पहिल्या दोन कारणांत मी कोणाला ‘अजून थोडं थांबू’ म्हणत नाही.

मोबाइलचं विचारल्याशिवाय कोणी उठत नाही. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो २०१४ साली एका अमेरिकन सर्जनने संगणकावर मांडलेल्या गणिताचा. खऱ्या माणसांचं दुखणं मोजून काढलेला नव्हे. पुढे ब्राझीलमध्ये अठरा ते एकवीस वयाच्या मुलांना प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा मोबाइल बघताना मान वाकवणं आणि मान दुखणं यांचा संबंध सापडला नाही. मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण जगात बरोबर बसण्याची एकच पद्धत नाही. एकाच पद्धतीत तासन्‌तास बसणं मानेला सोसत नाही. जळगावच्या सराफ्यात दागिना घडवणारा कारागीर, धुळ्यात शिवणयंत्रावर बसलेली बाई आणि रील बघणारा पोरगा, तिघांना एकच सल्ला: अर्ध्या तासाने उठा, खांदे फिरवा, मान दोन्ही बाजूंना वळवा, परत बसा.

ओझ्याच्या कामात हा सल्ला अपुरा पडतो. केळीची कापणी रोज असते आणि घड उचलणाऱ्याला ‘ओझं उचलू नका’ सांगणं म्हणजे उपाशी राहा सांगणं. त्याला खांदा आलटून-पालटून वापरायला सांगायचं, खांद्यावर जाड चुंबळ ठेवायची, दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात वाहण्याऐवजी कापण्याचं किंवा भरण्याचं काम मागून घ्यायला सांगायचं. कापूस वेचणाऱ्या बाईची ओटी भरभरून जड होण्याआधी, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील, रिकामी करायची. गाठोडं डोक्यावर घ्यायचंच तर दुसऱ्याने उचलून द्यावं. एकटीने झटका मारून चढवताना मान लचकते. आणि झोप. रात्री झोप न लागणाऱ्याची मान उशिरा बरी होते हे रोज दिसतं. कापसाच्या भावाची काळजी, दवाखान्याचा खर्च, ‘गॅप आहे’ या वाक्याची धास्ती, यांनी दुखणं खरोखर वाढतं. ते मनाचे खेळ नसतात. उशीबद्दल एवढंच, की कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यातली जागा भरून निघावी. महागड्या उशीने जादू होत नाही.

शेवटी हिशेब. पहिल्या दिवशी मी पेशंटला तीन कामं निवडायला सांगते, जी मानेमुळे अडली आहेत. गाडी मागे घेताना मान वळवणं, पाण्याचा हंडा उचलणं, सलग चार तास झोप; ज्याची त्याची यादी. प्रत्येक कामाला ० ते १० मधले गुण द्यायचे: ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं. हे कागदावर लिहून पेशंटच्याच फाइलमध्ये, एक्स-रेच्या पाकिटाच्या वरती लावायचं. दर आठवड्याला परत विचारायचं. नुसती मान धरलेली असेल तर दोन-तीन आठवड्यांत आकडे चढायला हवेत, नस दबलेली असेल तर सहा आठवडे धीर धरावा. त्या मुदतीत आकडे हललेच नाहीत, तर तोच शेक आणखी दहा दिवस घेऊ नका. थेरपिस्टला सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायला सांगा, आणि तो कंटाळा करत असेल तर दुसरा बघा.